सिझरच्या टाक्यावर रुजलेला गर्भ: ठोके दिसतायत, मग थांबू नको का?

या वेळचं पत्र देवगडकडच्या एका मैत्रिणीचं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून आणि थोडं कापून देते.

"डॉक्टरताई, नमस्कार. वय ३१, मुलगी चार वर्षांची, ती सिझरने झाली. आता पुन्हा पाळी चुकली, घरी टेस्ट केली, दोन रेघा आल्या. साडेसहा आठवडे झाले आणि थोडं थोडं तपकिरी अंगावरून जायला लागलं, दुखत काही नव्हतं. जवळच्या दवाखान्यात पोटावरून सोनोग्राफी केली तर म्हणाले गर्भ खाली सरकलाय, पडणारच आहे, उद्या उपाशीपोटी या, पिशवी साफ करून टाकू. माझी मावसबहीण नर्स आहे, ती फोनवर म्हणाली सिझर झालंय ना, मग आधी आतून सोनोग्राफी कर. म्हणून कणकवलीला गेलो. तिथल्या मॅडमनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या गर्भ सिझरच्या टाक्याच्या जागी रुजलाय, हा एक्टोपिकचाच प्रकार आहे, क्युरेटिंग करायचं नाही, मोठ्या ठिकाणी जा. ठोके दिसतायत. रक्तातला बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाचा हार्मोन, २१ हजारांच्या वर आहे. गर्भ आणि लघवीची पिशवी यांच्या मध्ये १.८ मिलिमीटर स्नायू उरलाय असं लिहिलंय. मिस्टर मुंबईहून मे महिन्याच्या सुट्टीला आलेत, ते म्हणतात तू ठरव. सासूबाई म्हणतात, 'माका पन अंगावरसून जायचा, काय झाला नाय. रवळनाथाक गाऱ्हाणा घातलंय, पोर वर सरकतला.' पिशवीतच आहे तर मग एक्टोपिक कसं? ठोके चालू असताना काढायचं म्हणजे पाप नाही का? आणि ते इंजेक्शन किमोचं असतं म्हणतात. माझं नेमकं काय चुकलं?"

अगं, तुला त्याच संध्याकाळी मेसेज केला होता की क्युरेटिंगला जाऊ नकोस आणि घरी थांबूनही राहू नकोस, त्यामुळे तातडीचं सांगून झालंय. आता सविस्तर लिहिते, तुझ्यासाठी आणि सिझर होऊन पुन्हा दिवस गेलेल्या बाकीच्या सगळ्यांसाठी. आणि आधी त्या मावसबहिणीला माझ्याकडून एक नमस्कार सांग. तिच्या एका वाक्याने काय वाचलंय ते तुला पुढे वाचताना कळेल.

पहिला प्रश्न तुझा अगदी रास्त आहे, पिशवीत असताना एक्टोपिक कसं. एक्टोपिक म्हणजे भलत्या जागी रुजलेला गर्भ. शंभरातले नव्वदपेक्षा जास्त एक्टोपिक नळीत असतात, म्हणून आपल्याकडे एक्टोपिक म्हटलं की "नळीत अडकलंय" असंच म्हणतात. पण उरलेले थोडे कुठे कुठे असतात, अंडाशयावर, पिशवीच्या तोंडाशी, क्वचित पोटाच्या पोकळीत, आणि एक हा तुझा, सिझरच्या व्रणातला. सिझर करताना पिशवीच्या खालच्या भागात, पुढच्या बाजूला, लघवीच्या पिशवीच्या अगदी मागे आडवा छेद घेतात. तो शिवला की भरून येतो, पण काही जणींत आतल्या बाजूने बारीकशी खाच राहते, त्वचेवरचा टाका कितीही सुरेख दिसत असला तरी. गर्भ आत येऊन रुजायला जागा शोधत असतो, तो नेमका त्या खाचेत शिरतो. म्हणजे बाहेरून बघितलं तर पिशवीतच, पण पोकळीत नाही, भिंतीत.

आपल्याकडे चिऱ्याची भिंत असते ना, तिच्या सांध्यात कुठूनतरी पिंपळाचं बी पडतं आणि रोप उगवतं. अंगणात उगवलं असतं तर उपटून टाकलं असतं, भिंतीतलं उपटायला गेलं की चिराच हलतो. तसंच आहे हे. पिशवीच्या वरच्या भागाला जाड स्नायू असतो, त्याचे धागे रक्तवाहिन्यांच्या भोवती विणलेले असतात, गर्भ बाहेर पडला की तो स्नायू आवळतो आणि वाहिन्या आपोआप दाबल्या जातात, म्हणून बाळंतपणानंतर रक्त थांबतं. टाक्याच्या जागी स्नायू नावालाच, बाकी व्रण. व्रण आवळत नाही. तिथून गर्भ खरवडला तर नळ उघडा राहतो, आणि तुझ्या बाबतीत पलीकडे लघवीची पिशवी फक्त १.८ मिलिमीटरवर आहे.

हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाहीये. जुलै १९९६, मी तेव्हा वैभववाडीकडे एका छोट्या दवाखान्यात होते. तिशीतली बाई आली, दोन महिने दिवस चढलेले, अंगावरून जात होतं, आधीचं एक सिझर. आतून सोनोग्राफी तेव्हा आमच्या तालुक्यात नव्हतीच. मी अपूर्ण गर्भपात समजून क्युरेटिंगला घेतलं, आणि क्युरेट लावल्यावर मिनिटभरात टेबलाखालच्या बादलीचा आवाज बदलला. थेंबांचा टपटप आवाज असतो तो धारेचा झाला. आजही पत्र्यावरून पावसाची धार बादलीत पडली की मला ते आठवतं. पिशवी चोळली, इंजेक्शनं दिली, काही आवळेना. शेवटी लघवीची नळी घालतात ती फोलीची नळी पिशवीत घालून तिचा फुगा सलाईनने फुगवला आणि दाब दिला, तेव्हा धार जरा कमी झाली. मग जीपमध्ये घालून करूळ घाटातून कोल्हापूरला, वाटेत दरड, एका बाजूने गाडी काढून दिली लोकांनी. बाई वाचली, पिशवी काढावी लागली. चूक माझी होती, तेव्हा मला हा आजार माहीत नव्हता, पण आधीचं सिझर आहे हे माहीत होतं आणि मी त्यावर दोन मिनिटं थांबून विचार केला नाही. ती अजून गणपतीत भेटते, चहा देते, एका शब्दाने कधी बोलली नाही, ते मला जास्त टोचतं.

वैद्यकाच्या कागदोपत्री हा प्रकार पहिल्यांदा नोंदला गेला तो १९७८ मध्ये. म्हणजे आमच्या शिक्षकांच्या पिढीने तो शिकवायचा प्रश्नच नव्हता. साधारण दोन हजार गरोदरपणांत एक असा अंदाज सांगतात, म्हणजे दुर्मिळच, पण सिझर वाढतायत तसं हेही वाढणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ ला देशात १७.२ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती, २०१९-२१ ला २१.५ टक्के. त्यामुळे "आमच्या दवाखान्यात असलं काही येत नाही" असं आता कोणी म्हणू नये. येतं, ओळखलं जात नाही.

आता ओळखायचं कसं, कारण तुझ्या गोष्टीत सगळी मेख इथेच आहे. पहिल्या ठिकाणी काही मुद्दाम फसवलं नाही गं तुला. पोटावरून बघितलं की सहा-सात आठवड्यांचा गर्भ खाली, तोंडाजवळ दिसतो, वर अंगावरून जातंय, मग डोक्यात पहिलं येतं ते हेच की पडायला निघालाय. दोन्ही चित्रं दिसायला सारखी असतात. फरक कळतो तो आतून केलेल्या सोनोग्राफीत, आणि लघवीची पिशवी थोडी भरलेली असली तर अजून स्पष्ट, कारण मग मधली ती पातळ भिंत उठून दिसते. त्या मॅडमनी बराच वेळ बघितलं असं तू लिहिलंयस, तेव्हा त्या काय बघत होत्या ते सांगते. पिशवीची वरची पोकळी रिकामी आहे का. तोंडाची वाट रिकामी आहे का. गर्भाची थैली पुढच्या भिंतीत, बरोब्बर जुन्या टाक्याच्या पातळीला आहे का. तिच्या आणि लघवीच्या पिशवीच्या मध्ये स्नायू किती उरलाय. डॉपलर, म्हणजे सोनोग्राफीत रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय, लावला की थैलीभोवती रक्ताचं जाळं पेटल्यासारखं दिसतं का. आणि एक साधी युक्ती, प्रोबने हलकं ढकलायचं, पडायला निघालेला गर्भ सुटा असतो, तो सरकतो, रुजलेला जागचा हलत नाही. शिवाय सुट्या गर्भाला ठोके नसतात आणि भोवती रक्तपुरवठाही नसतो. एवढं जुळलं की बहुतेक वेळा एमआरआयची गरजही पडत नाही.

आतून सोनोग्राफी केली की गर्भ पडतो असं आपल्याकडे अजून बायका सांगतात, ते खोटं आहे. आणि तो फॉर्म एफ भरून घेतात म्हणून घाबरायचं नाही, गरोदर बाईची कुठलीही सोनोग्राफी असली तरी तो कायद्याने भरावा लागतो.

सासूबाईंचं काय करायचं? मला त्यांचा राग नाही येत. गंमत म्हणजे त्या अर्ध्या बरोबर आहेत. पोर खरंच वर सरकतं! म्हणजे असं की थैली मोठी होते तशी मोकळ्या पोकळीकडे पसरते, आणि नऊ-दहा आठवड्यांनी सोनोग्राफी केली तर कित्येकदा गर्भ अगदी व्यवस्थित पिशवीत दिसतो, रिपोर्ट नॉर्मल येतो, घरात पेढे वाटले जातात. पण मूळ जिथे होतं तिथेच राहतं. वार त्या टाक्यातच रुतलेली असते आणि खोल खोल जात असते, लघवीच्या पिशवीपर्यंतसुद्धा. म्हणून तर हे सहा-सात आठवड्यांत शोधायचं असतं, नंतर ते लपतं. त्यांना अंगावरून जायचं आणि काही झालं नाही, हे खरंच असणार, पण त्यांची बाळंतपणं घरी झालेली असणार, पोटाला टाका नव्हता. तुझ्या पोटाला आहे. त्यांना एवढंच सांग की गाऱ्हाणं घातलंत ते असू दे, फक्त मागणं बदला, सून धडधाकट घरी येऊ दे म्हणा.

थांबलं तर काय होतं, हे तुला स्पष्ट हवंय म्हणून स्पष्ट लिहिते. काही बायकांनी असे गर्भ पुढे नेलेत आणि जिवंत मुलं झालीत, हे मी लपवणार नाही, कारण तू गुगल करशील आणि तुला ते सापडेल. पण त्यातल्या बऱ्याच जणींची वार टाक्यात इतकी रुतलेली असते की बाळंतपणाच्या वेळी पिशवी काढावी लागते, रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या लागतात, आणि त्याच्याही आधी, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पिशवी फाटायची भीती असतेच. ज्या पुढे नेतात त्यांना मोठ्या सेंटरजवळ राहावं लागतं आणि ३४ ते ३५ आठवड्यांच्या सुमारास ठरवून सिझर करतात, कळा सुरू व्हायची वाट बघत नाहीत. तू देवगडला, पुढच्या महिन्यात पाऊस सुरू होतोय, घाटात दरडी. मी तुझी मोठी बहीण असते तर थांबू दिलं नसतं. तज्ज्ञांच्या संस्थाही हेच सांगतात की ठोके असलेला असा गर्भ नुसती वाट बघत ठेवू नये. निर्णय तुझाच, पण मी कडेला उभी राहून "तुझं तू बघ" असं म्हणणार नाही.

आणि पाप. माझ्याकडे या शब्दाला उत्तर नाही, मी डॉक्टर आहे, भटजी नाही. इतकं सांगते की ठोके चालू आहेत म्हणून तो गर्भ नीट जागी आहे असं होत नाही, नळीतल्या गर्भालाही कधी कधी ठोके असतात आणि तो वाचवता येत नाही हे सगळे मान्य करतात. रडू येईल, ये म्हणाव. तुझ्या मिस्टरांनाही येईल, पुरुष मुंबईहून आठ दिवसांच्या सुट्टीवर आलेला असतो, त्याला कोणी विचारत नाही. "तू ठरव" असं म्हणणं चांगलंच, पण त्यांना सांग की ठरवायला मी आहे, तुम्ही सोबत बसा.

कायद्याचं एक वाक्य. गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, २०२१ ला सुधारणा झाली, आणि सज्ञान बाईच्या बाबतीत फक्त तिचीच संमती लागते, नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्याने लागत नाही. ऑपरेशनच्या फॉर्मवर नातेवाइकाची सही मागतात ती दवाखान्याची पद्धत, ती अडवणूक होऊ द्यायची नाही.

आता उपचार. एकच ठरलेला उपचार नाही, गर्भ किती आठवड्यांचा, ठोके आहेत का, भिंत किती पातळ, थैलीचा कल आत पोकळीकडे आहे की बाहेर लघवीच्या पिशवीकडे, आणि त्या डॉक्टरचा हात कशात बसलेला आहे, यावर ठरतं. थैली आतल्या बाजूला झुकलेली असेल आणि स्नायू बरा असेल तर सोनोग्राफीत बघत बघत सक्शनने काढतात, हाताशी फुगा तयार ठेवून, म्हणजे मी १९९६ ला घाबरून केलं ते इथे आधीच मांडून ठेवलेलं असतं. काही ठिकाणी दोन फुग्यांची खास नळी वापरून दाबही देतात आणि ठोकेही बंद करतात. तुझ्यासारखी भिंत पातळ असेल आणि थैली बाहेर फुगत असेल तर दुर्बिणीने गर्भ काढून ती जागा नव्याने शिवतात, याचा फायदा असा की गर्भही जातो आणि खाचही दुरुस्त होते. तिसरा मार्ग इंजेक्शनचा, सोनोग्राफीत बघून सुईने थेट थैलीत मेथोट्रेक्सेट देतात. नुसतं दंडात किंवा कमरेत मेथोट्रेक्सेट देऊन घरी पाठवणं, ठोके असताना आणि बीटा एवढा असताना, हे मला पटत नाही, बऱ्याचदा ते पुरत नाही आणि मग धावपळीत दुसरं काहीतरी करावं लागतं. आणि आंधळं क्युरेटिंग, म्हणजे सोनोग्राफी न लावता नुसतं खरवडणं, ते तर नकोच.

किमोचं इंजेक्शन म्हणून घाबरलीस ते याच औषधाला. हो, कॅन्सरला वापरतात, पण संधिवाताच्या आणि सोरायसिसच्या पेशंटना हेच औषध छोट्या डोसमध्ये आठवड्याला एकदा वर्षानुवर्षं देतात, तुझ्या गावातही कोणीतरी घेत असेल. ते भराभर वाढणाऱ्या पेशींना फॉलिक अ‍ॅसिड वापरू देत नाही. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेव जी घाईत राहून जाते: हे इंजेक्शन दिलं तर आशाताईंनी दिलेल्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद करायच्या, नाहीतर एका हाताने औषध आणि दुसऱ्या हाताने उतारा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घ्यायच्या नाहीत, डॉक्टरला विचारून पॅरासिटामॉल. आधी रक्त, लिव्हर, किडनी तपासतात. उन्हात फार बसायचं नाही. बीटा शून्यावर येईपर्यंत संबंध टाळायचे. आणि केस गळून टक्कल पडेल वगैरे भीती घेऊ नकोस, या डोसला तसं सहसा होत नाही, तोंड येणं, मळमळ, थकवा होऊ शकतो.

इंजेक्शनच्या मार्गाने गेलीस तर धीर लागतो. ठोके थांबतात पण थैली लगेच विरघळत नाही, बीटा शून्य व्हायला दोन-तीन महिनेही लागतात, सोनोग्राफीत गाठ त्याहून जास्त काळ दिसते, आणि मधेच एखाद्या दिवशी भरपूर रक्त जाऊ शकतं. म्हणून दर आठवड्याला रक्त द्यायला जाणं जमेल का हे आधीच बघ. दवाखान्यापासून दोन तासांवर राहणाऱ्या बाईला मी दुर्बिणीच्या किंवा सक्शनच्या बाजूने जास्त झुकते, हे माझं मत, तुझे डॉक्टर तुला तपासून वेगळं सांगतील तर त्यांचं ऐक.

कुठे जायचं ते नाव मी घेत नाही. कोणी कोल्हापूरला जातं, कोणी गोव्यात बांबोळीला, कोणी मुंबईला कारण नवऱ्याची खोली तिकडे. नावापेक्षा तिथे गेल्यावर हे विचार: तुम्ही टाक्यातला गर्भ याआधी हाताळलाय का? ऑपरेशनच्या वेळी सोनोग्राफी थिएटरमध्ये असते का? रक्तपेढी आवारात आहे का, की चिठ्ठी घेऊन नातेवाइकाने पळायचं? रक्त थांबलंच नाही तर पुढची पायरी काय, पिशवीची रक्तवाहिनी बंद करायची सोय आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. खर्चाचं म्हणशील तर महात्मा फुले योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला दाखल व्हायच्या आधी विचारून घे, रेशनकार्ड आणि आधार सोबत ने. जाताना आपल्याच रक्तगटाचे दोन धडधाकट नातेवाईक गाडीत घे, सुट्टी आहे, घरात चाकरमानी भरलेत, एवढ्या कामाला तरी येतील. तुझा गट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत, हे तूच आठवण करून दे, गडबडीत राहतं.

आणि जायच्या आधी किंवा नंतरही, तासाभरात पॅड पूर्ण भिजायला लागलं, चक्कर आली, पोटात एकदम कळ आली किंवा खांद्यात दुखायला लागलं, तर थांबून गावच्या डॉक्टरला दाखवून बघू असं नाही, १०८ लाव आणि फोनवरच सांग की सिझरच्या टाक्यातला गर्भ आहे, रक्त जातंय.

इथे बाकीच्यांसाठी थोडं बाजूला जाते. मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्यांचं किट परस्पर आणून घेणं सर्रास चाललंय, मैत्रिणीने सांगितलं, व्हॉट्सॲपवर डोस आला. आधीचं सिझर असताना, गर्भ कुठे आहे हे न बघता त्या गोळ्या घेणं म्हणजे मी १९९६ ला जे केलं तेच घरी, बादलीशिवाय आणि फुग्याशिवाय. एक्टोपिकला त्या गोळ्या लागू पडत नाहीत, आणि रक्त गेलं की वाटतं काम झालं. आधी जागा बघायची, मग जे काय ते.

तुझं काय चुकलं? काही नाही. कळशी उचललीस, स्कूटरवर बसलीस, पपई खाल्लीस, यातल्या कशानेही गर्भ टाक्यात जात नाही. सिझर करून घेतलंस हीही चूक नाही, त्या वेळी तुझ्या लेकीला ते लागलं असणार. कोणाला एका सिझरनंतरही हे होतं, कोणाला तीन होऊनही होत नाही, त्यात न्याय शोधायला जाऊ नकोस.

पुढे दिवस राहतील का, हे तू विचारलं नाहीस पण मनात असणारच. पिशवी राहिली तर बहुतेकींना राहतात, आणि पुढच्या वेळी गर्भ योग्य जागी रुजायची शक्यताच जास्त. पुन्हा टाक्यात रुजण्याचा धोका मात्र इतरांपेक्षा जास्त असतो. मेथोट्रेक्सेट घेतलं तर निदान तीन महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत, ऑपरेशन झालं तर किती थांबायचं ते डॉक्टर सांगतील, मधल्या काळात साधन वापर, लाजू नकोस. पुन्हा दिवस घ्यायच्या आधी टाक्याची जागा सोनोग्राफीत बघून घेता येते. आणि पाळी चुकली की तिसऱ्या महिन्याची वाट न बघता सहाव्या-सातव्या आठवड्यात आतून सोनोग्राफी, आणि टेबलावर झोपतानाच सांगायचं, "माझा मागचा गर्भ सिझरच्या टाक्यात होता." फाईल हरवते, डॉक्टर बदलतात, म्हणून हे वाक्य पाठ करून ठेव. माझ्या एका पेशंटने ते आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवलंय, मला ते फार आवडलं.

उद्या सकाळी निघताय ना, दोन्ही सोनोग्राफीचे रिपोर्ट घ्या, पहिला चुकीचा असला तरी घ्या, आणि जुन्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड सापडलं तर तेही. रात्री बारानंतर काही खाऊ नकोस, कदाचित पोचल्या पोचल्या घ्यावं लागेल. लेकीला जावेकडे ठेव, आणि आंब्याची साठं वाळत घालायचं कामही यंदा तिच्याकडेच दे. पोचलीस की मेसेज कर.